उरलेल्याचा पंचनामा

प्रश्न थोडक्यात असा: "वय २९. पुण्यातली नोकरी सोडून २०२१ मध्ये गावी आलो. निफाड तालुका, तीन एकर थॉम्पसन द्राक्ष. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने बाग झोडपली. पुढचं वर्ष कसंबसं सावरलं, तर २०२५ ला मे महिन्यापासूनच पाऊस लागला आणि ऑक्टोबर छाटणीनंतर झाडाला पाच-सहाच घड निघाले. सोसायटी, सोनेतारण आणि फवारणीच्या औषधाचं दुकान मिळून ११ लाख देणं आहे. आई रोज म्हणते, देवाचे आभार मान, हातपाय धड आहेत. ते ऐकलं की डोकं फिरतं. बाग तोडून टाकू का? आणि एवढं झाल्यावर माणसाने कृतज्ञ राहायचं तरी कसं?"

बाग आत्ता तोडू नकोस. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकी सगळ्या गोष्टी फिरवता येतात, एकदा घातलेली कुऱ्हाड फिरवता येत नाही. पुढचं निवांत वाच.

मी दिंडोरी तालुक्यातला. यंदाची माझी तेहेतिसावी ऑक्टोबर छाटणी. गेली बारा वर्षं आमच्या शेतकरी गटातल्या चाळीसेक बागांवर माझी फेरी असते, त्यामुळे जितक्या बागा बसलेल्या पाहिल्या तितकीच माणसंही पाहिली. माझे स्वतःचे मोठे फटके चार. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाचा पाऊस आला तो ऐन फुलोऱ्यात. मग मार्च २०१४ ची गारपीट. मग २०२० चा लॉकडाऊन. आणि मधल्या एका वर्षी माल भरून नेलेला व्यापारी, ज्याचा चेक वटला नाही. दोन आभाळाने दिले, एक साथीने, एक माणसाने. त्या शेवटच्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तेव्हा मी काही फार पोचलेला माणूस आहे असं समजू नकोस.

आता बाग का तोडायची नाही ते बघ. ऑक्टोबरात छाटणी झाली की फुटीबरोबर घड दिसतो आणि आपल्याला वाटतं तो आत्ता आला. तो ठरलेला असतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, साधारण चाळिसाव्या ते सत्तराव्या दिवसात, काडीवरच्या डोळ्याच्या आत. बाहेरून काही कळत नाही. आत एक बारीक कोंब धरलेला असतो आणि त्याचं काय व्हायचं हे अजून नक्की नसतं. ऊन मिळालं, काडीत अन्न साठलं, तर त्याचा घड होतो. आभाळ राहिलं, नत्र जास्त झालं, पानांची गर्दी झाली, तर त्याच कोंबाची बाळी होते. आपण म्हणतो, घड जिरला. २०२५ ला मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला होता, आणि आपल्याकडे तर त्याच्या आधीपासून अवकाळी चालू होता. ज्या दिवसांत डोळ्याला ऊन हवं होतं त्या दिवसांत ते मिळालंच नाही. तुझ्याच नाही, जिल्ह्यातल्या हजारो बागांच्या डोळ्यांत तेव्हा बाळ्या धरल्या.

बाळी म्हणजे वेलीचा तार धरायचा हात. फळाला लागतं ते मिळालं नाही की वेल त्याच कोंबातून धरायला हात काढते. हे ऐकून एखादा मोटिव्हेशनवाला लगेच भाषण ठोकेल. तू तसलं काही मनावर घेऊ नकोस. बाळीने कर्ज फिटत नाही, आणि आपण तिला खुडूनच टाकतो. मला त्यातून एवढंच दाखवायचंय की पाच-सहा घड हा तुझ्या झाडाचा निकाल नाही. तो एका मे महिन्याचा हिशोब आहे. खोड तेच, मुळी तीच, पुढच्या एप्रिलला ओलांड्यावर, म्हणजे तारेवर आडव्या धरलेल्या जाड फांदीवर, नवी फूट निघेल आणि तिच्या डोळ्यांत पुन्हा पहिल्यापासून ठरेल.

एक गोष्ट मात्र तुझ्याकडून राहिली असावी, ती सांगितली नाही तर माझं उत्तर अर्धं राहील. सप्टेंबरात काडी तपासणी केली होतीस का? छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत दिल्या की डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यावर घड आहे, कुठे नुसती बाळी आहे, हे सांगतात. ते आधी कळलं असतं तर छाटणी कुठे घ्यायची आणि यंदा खर्च किती करायचा, हे दोन्ही ठरवता आलं असतं. पावसावर तुझा इलाज नव्हता, खर्चावर होता. हे दोन वेगळे कर. बहुतेक लोक दोन्हीचा एकच गोळा करतात. मग एक तर सगळा दोष स्वतःच्या माथी घेऊन रात्रभर जागतात, नाहीतर सगळा दोष आभाळाला देऊन पुढच्या वर्षी तीच चूक करतात.

बागेचा निर्णय मेच्या मध्याला घे. तोपर्यंत तीन गोष्टी तपासून ठेव. ठिबकच्या नळीखाली वीतभर उकर आणि पांढरी मुळी चालते का बघ. २०२३ च्या गारांच्या जखमा ओलांड्यावर कुठे कुठे आहेत, त्या भरल्या की काळ्या पडल्या, ते झाडागणिक नोंदव. आणि खरड छाटणीनंतर ओलांड्यावर फूट सगळीकडे सारखी निघते का बघ. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ओलांडा मुका राहिला तर तेवढ्यापुरता नवा ओलांडा धरता येतो, त्यासाठी बाग काढावी लागत नाही. हां, बाग चौदा-पंधरा वर्षांची झाली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तोडणं हा व्यवहार असतो आणि व्यवहार शांत डोक्याने करावा. रागाने तोडलेली बाग मी पाहिली आहे. आमच्याच गटातल्या एकाने २०१४ च्या मार्चमध्ये जेसीबी बोलावला. जूनमध्ये शेजाऱ्याची तशीच झोडपलेली बाग हिरवीगार फुटली तेव्हा तो त्या बाजूच्या रस्त्याने जायचा बंद झाला.

आता आईचं.

तुझं डोकं फिरतं यात मला काही वावगं दिसत नाही. मार्च २०१४ मध्ये माझा माल उतरायला नऊ दिवस होते. व्यापाऱ्याशी भाव बोलून झाला होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेडच्या पत्र्यावर पहिली गार वाजली. माझ्या आईने अंगणात उलटा तवा फेकला, तिची तशी समजूत होती. वीस मिनिटांत सगळं संपलं. सकाळी बागेत गेलो तर बोदांच्या सावलीच्या बाजूला गारांचे ढीग अजून विरघळायचे होते आणि चेचलेल्या मण्यांचा वास गुऱ्हाळासारखा येत होता, गोड. त्या गोड वासाने मला ओकारी आली. दहा वाजेपर्यंत दारात वीसेक माणसं जमली आणि त्यातल्या निम्म्यांनी हेच सांगितलं, जीव वाचला हे काय कमी आहे. एकाने तर, अमक्याचं घर पडलं, त्या मानाने तू सुखी, असंही ऐकवलं. त्या क्षणी मला त्याला बांधावरून खाली ढकलावंसं वाटलं होतं.

दुसऱ्याचं जास्त गेलं म्हणून आपण समाधान मानायचं, ही मला माणसाने शोधलेली सगळ्यात वाईट मलमपट्टी वाटते. तिने दोन घरांचा अपमान होतो. त्याच्या पडलेल्या भिंतीवर मी माझं समाधान बांधायचं, आणि उद्या माझं जास्त गेलं की कोणी तरी माझ्यावर बांधणार. असलं समाधान टिकतही नाही. शेजाऱ्याचा माल चांगल्या भावाने गेला की ते दुसऱ्या दिवशी उतरतं.

मग त्या आठवड्यात काय झालं ते सांगतो. तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले. गट नंबर, क्षेत्र, पिकाचं नाव, नुकसान किती टक्के. "८० च्या पुढे लिहा," असं मीच म्हणालो. सह्या झाल्या, चहा झाला, ते गेले. माझी बायको ओट्यावर उभी होती. म्हणाली, "गेलं ते लिहून नेलं त्यांनी. आता राहिलं ते आपण लिहू, नाहीतर मोटारीची केबलसुद्धा चोरीला जायची आणि तुम्हाला पत्ता लागायचा नाही." ती चिडून बोलली होती. मी तीन दिवस विहिरीकडे फिरकलोही नव्हतो, त्याचा तो टोमणा होता. पण मी फवारणीची वही घेतली, शेवटचं पान उघडलं आणि लिहायला बसलो.

ते पान माझ्याकडे अजून आहे. त्यात काय आहे ते जसंच्या तसं देतो. झाडं १,९३६, दोन एकर, नऊ बाय पाचची लागण. खोडं शाबूत, फुटलेलं एकही नाही. ओलांड्यावर जखमा पश्चिमेच्या अंगाला, पूर्वेचं अंग बरं. मांडवाच्या तारा सहा ठिकाणी सैल, तुटलेली एक. विहिरीला पाणी चौदा फूट. केबल आहे. ब्लोअर चालू, डिझेल अर्धी टाकी. गाय गाभण. ट्रॅक्टरचे हप्ते तीन बाकी. मका दीड एकर, पडली पण मुरघासाला चालेल. पोरांची फी जूनमध्ये, अजून वेळ आहे. मेहुण्याचा फोन, दोनदा, स्वतःहून. दुकानदाराने निरोप पाठवला, तूर्त पैशाचं बोलू नका. बाया येऊन गेल्या.

या शेवटच्या ओळीवर मला थांबायचंय. आपल्याकडे बागेच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून माणसं येतात, तुझ्याकडेही येत असतील. आमच्याकडे त्या वर्षी अकरा बायांची टोळी होती, माल उतरायच्या कामासाठी थांबलेली. गारा पडल्या त्या संध्याकाळी माझं उत्पन्न गेलं, हे मी दिवसभर सगळ्यांना सांगत होतो. त्यांची तीन आठवड्यांची मजुरी गेली, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या न बोलावता बागेत आल्या, सडायला लागलेले घड उतरवून कडेला ओढले आणि दुपारी त्यांच्यातली म्हातारी माझ्याकडे येऊन म्हणाली, "दादा, मग एप्रिलची छाटणी कधी धरायची?" सांत्वनाचा एक शब्द नाही. तारीख विचारली. त्या दिवसात मला भेटलेल्या सगळ्या माणसांमध्ये, ही बाग पुढे चालणार आहे असं गृहीत धरणारी तेवढी एकटीच होती. मी तारीख सांगितली, आणि सांगून टाकल्यावर ती पाळावी लागली.

तुझ्या प्रश्नातला 'कृतज्ञ' हा शब्द फोडून बघ. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कोणी काय केलं हे ज्याला माहीत आहे तो कृतज्ञ. त्यात आनंदी असण्याची अट नाही, हात जोडण्याचीही नाही. आपल्या बोलीत यालाच आपण 'जाण ठेवणं' म्हणतो आणि मला तोच शब्द बरोबर वाटतो. आभार मानायला मन जागेवर लागतं. जाण ठेवायला वही पुरते. गारपिटीचे आभार मानायचे नसतात, पावसाचेही नाहीत. जे झालं ते बऱ्यासाठीच झालं, असं मी आजही म्हणत नाही. २०१४ ने माझ्या पदरात बऱ्यापैकी कर्ज आणि थोरल्या मुलाच्या शिक्षणाचं एक वाया गेलेलं वर्ष टाकलं, त्यात बरं काही नव्हतं. पण त्या काळात कोणी काय केलं, ते मला माहीत आहे. तारखेसह.

उपकार आणि जाण यांतही गल्लत करू नकोस. औषधवाल्याने उधारी थांबवून धरली हा व्यवहारही होता. मी बुडालो असतो तर त्याचेही पैसे बुडाले असते, हे त्याला कळत होतं. तरी त्याने निरोप पाठवला आणि बाकीच्यांनी माणसं पाठवली, हा फरक खराच आहे. तेवढाच लिहायचा, जास्त नाही. उपकाराच्या ओझ्याखाली माणूस वाकतो आणि मग त्याच माणसाचा राग करायला लागतो. जाण ठेवली की मान ताठ राहते.

माझी पुतणी पुण्यात मानसशास्त्र शिकवते. तिला हे पान दाखवलं तर ती म्हणाली, काका, यावर अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या दोन अमेरिकन संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा, ज्यांच्याबद्दल ऋणी वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला लावल्या होत्या, आणि काहींना त्रास देणाऱ्या गोष्टी. पहिल्या गटातल्यांना स्वतःच्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं. मी तिला म्हटलं, त्या पोरांवर गारा पडल्या नव्हत्या. ती हसली. पण तिची एक सूचना मी घेतली: रोज लिहू नका, आठवड्यातून एकदा लिहा, आणि 'कुटुंब', 'आरोग्य' असलं मोघम लिहू नका. मोघम लिहिलं की तिसऱ्या आठवड्यात ते हरिपाठासारखं पाठ होतं. आमच्या वहीतही तेच दिसतं. 'मेहुण्याचा फोन, दोनदा, स्वतःहून' ही ओळ आज बारा वर्षांनी वाचली तरी मला तो फोनवरचा आवाज ऐकू येतो. 'नातेवाईकांचा आधार' असं लिहिलं असतं तर काहीच ऐकू आलं नसतं.

एक इशारा. हे पान पहिल्या आठ-दहा दिवसांत लिहायचं नाही. तेव्हा रडायचं असेल तर रड, बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तुला तर आता दोन-अडीच महिने झाले आहेत, तू लिहू शकतोस.

आणि लिहिण्याआधी हाताला काम दे. मी त्या मार्चमध्ये पहिलं काम केलं ते बोर्डो हे बुरशीनाशक बनवण्याचं, जखमांवर मारायला. एक टक्क्याचं म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मोरचूद रात्रभर पोत्याच्या तुकड्यात बांधून पाण्यात लोंबकळत ठेवलं, लोखंडाच्या भांड्यात नाही, प्लॅस्टिकच्या पिंपात. सकाळी चुना विरवला, गाळला. मग निळं पाणी चुन्याच्या निवळीत बारीक धारेने सोडत, काठीने ढवळत राहिलो. उलटं केलं की फाटतं. शेवटी घासलेला विळा मिनिटभर बुडवून बाहेर काढला. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी आहे, अजून घालायचा. दोनदा घातला, तिसऱ्यांदा पातं स्वच्छ निघालं. सगळं मिळून दोन तास गेले असतील. त्या दोन तासांत माझ्या डोक्यात कर्ज आलं नाही, कारण धार जाड झाली की द्रावण बिघडतं आणि लक्ष तिथेच ठेवावं लागतं. तयार पाकीट फोडून पंपात ओतलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. तेव्हापासून गटातल्या खचलेल्या माणसाला मी आधी असलंच किचकट काम सांगतो. तुला सांगायचं तर तारा ओढ. तीन एकरांच्या मांडवाच्या तारा एकट्याने ओढायला पंधरा दिवस लागतील, ते बरंच आहे.

पैशाचं. इथे मनाच्या गोष्टी चालत नाहीत, कागद लागतात. २०२३ च्या पंचनाम्याची नक्कल काढून ठेव. नैसर्गिक आपत्तीत पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे पीककर्जाचं पुनर्गठन होऊ शकतं, म्हणजे अल्पमुदतीच्या कर्जाचे हप्ते पाडून मुदत वाढते. ते आपोआप होत नाही. लेखी अर्ज दे, पोच घे. तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. फळपीक विम्यात गारपिटीचा धोका वेगळा जोडून घ्यावा लागतो आणि नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवावं लागतं. दर वर्षी माझ्या ओळखीत कोणी ना कोणी या ७२ तासांत नुसतं बागेकडे बघत बसतं. मीही बसलो होतो.

देण्याचा क्रम माझा असा होता: आधी मजुरी, मग सोनेतारणाचं व्याज, मग दुकान, मग बँक. मजुरी पहिली, कारण ती ज्याची अडते त्याच्या घरी त्या संध्याकाळी चूल अडते. सोन्याचं व्याज दुसरं, कारण लिलावात गेलेलं मंगळसूत्र हा घरातला कायमचा विषय होतो. दुकानदार तुझ्याकडे यायच्या आत तू त्याच्याकडे जा. खिशात दोन हजार असले तर दोन हजार दे आणि पुढची तारीख सांग. रस्ता बदलून जाणाऱ्याला तो कधीच सवड देत नाही. रस्ता बदलून जाण्याने आपलंच जास्त बिघडतं. आधी दुकान टाळतो, मग चौक टाळतो, मग लग्नकार्य टाळतो, आणि एक दिवस घराबाहेर पडायला जागाच उरत नाही.

याच्याच पुढची गोष्ट आहे, ती स्पष्ट लिहितो. तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण पत्रात सगळं लिहिलेलं नसतं. औषधांच्या खोलीला कुलूप लाव आणि किल्ली पुढचे काही महिने आईकडे किंवा भावाकडे दे. फवारणीच्या दिवशी मागून घ्यायची. मी २०१४ मध्ये बायकोकडे दिली होती. मला स्वतःचा भरवसा नव्हता अशातला भाग नाही; रात्री तीन वाजता माणूस जो असतो तो सकाळचा माणूस नसतो, एवढंच मला माहीत होतं. झोप दोन-तीन आठवडे लागली नाही, जेवण तुटलं, किंवा आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल असं मनात यायला लागलं, तर ती बाग सावरण्याची वेळ नाही, डॉक्टरकडे जाण्याची आहे. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. ताप आल्यावर जसे जातो तसं जायचं. आमच्या गटातला एक जण गेला, गोळ्या घेतल्या, आज माझ्याहून चांगला माल काढतो.

आणखी एक. टिकून राहणं निम्मं मनावर असतं, निम्मं मांडणीवर. तुझे तिन्ही एकर द्राक्ष आहेत असं दिसतंय. माझे चार आहेत आणि २००९ नंतर मी दोनाच्या वर द्राक्ष कधी नेलं नाही. उरलेल्यात कांदा, मका, घासगवत आणि दोन गाई. दुधाच्या पैशाने कोणी श्रीमंत होत नाही, पण दर दहा दिवसांनी घरात पैसा येतो आणि किराणा उधार आणावा लागत नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात त्या गाभण गाईने आम्हाला तारलं, हे मी वहीत वेगळं लिहिलं आहे. तुझी सगळ्यात जखमी ओळ कुठली, ती बघून मे महिन्यात अर्धा-पाऊण एकर मोकळा करायचा का, हा विचार जरूर कर. ते हरणं नाही. उत्पन्नाला दुसरी वाट ठेवणं आहे. बागेवर घालायच्या प्लॅस्टिक आच्छादनाचं लोक सांगतील. चांगलं आहे, पण ११ लाख डोक्यावर असताना नाही.

आईला एक विचारून बघ. "देवाचे आभार मान" म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर नक्की काय असतं? माझ्या आईला मी खूप उशिरा विचारलं. ती म्हणाली, १९७२ च्या दुष्काळात ती दोन लेकरं घेऊन खडी फोडायला जायची आणि कामावरची एक बाई रोज तिच्यासाठी मडक्यात पाणी राखून ठेवायची. तिचं नावही आईला माहीत नव्हतं. मग आभार कोणाचे मानणार, देवाचेच. तेव्हापासून ते वाक्य ऐकून माझं डोकं फिरायचं थांबलं. तुझ्या आईचं काही वेगळंच असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

२०१५ च्या फेब्रुवारीत आमचा माल पुन्हा आला. फार नाही, नेहमीच्या पाऊणपट. पहिला घड वणीच्या गडावर सप्तशृंगीला न्यायचा, असा घरातला रिवाज. बायकोने पहिला क्रेट भरला, वीस किलोचा, आणि मला म्हणाली, ती वही आणा. शेवटचं पान उघडून ती एकेक ओळ वाचत गेली आणि मी पिशव्या भरत गेलो. मेहुण्याला दोन किलो. दुकानदाराला दोन. ज्याने ब्लोअरसाठी डिझेल दिलं त्याला एक. अकरा बायांना प्रत्येकी एक. म्हातारीला दीड, कारण तिने तारीख विचारली होती. पशुवैद्याला एक. शाळेच्या मास्तरांना एक, फीचं त्यांनी थांबवून धरलं होतं. यादी संपली तेव्हा क्रेटच्या तळाशी सुटे मणी आणि पानं उरली होती.

गडावर त्या वर्षी नारळ नेला.